गाडीवरची केळी

असोद्याच्या माणसाने जळगावात येऊन गाडीवरून केळी विकत घ्यायची, यात काय एवढं, असं बाहेरचा कुणीही म्हणेल. त्याला समजावत बसण्यात अर्थ नाही. असोद्यात केळी विकत घेत नाहीत. ज्याची बाग आहे तो आणतो. ज्याची नाही त्याच्याकडे शेजारी फणी पाठवतो. आणि ज्याच्याकडे कुणीच पाठवत नाही, तो केळी खात नाही. पण खिशात हात घालून केळी घेणारा माणूस त्या गावात शोधून सापडायचा नाही. हितेंद्र मात्र गेले आठ महिने रोज सकाळी सव्वानऊला हेच काम करत होता, तेही डोक्यावरचं हेल्मेट न काढता.

हेल्मेट कशासाठी ते वेगळं सांगायला नको. एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर भागाबाईची गाडी लागायची आणि तो रस्ता म्हणजे निम्म्या असोद्याचा कामावर जायचा रस्ता. भागाबाई धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी, आणि आवाज असा की पलीकडच्या पेट्रोलपंपावर ऐकू जावा.

"असोदानी केळी शेतस भाऊ, मध शे मध!" ती रोज ओरडायची, आणि रोज हितेंद्र हेल्मेटची काच आणखी खाली ओढायचा.

"कोनता गावना शेतस तुमी?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"भुसावळ," हितेंद्रने काचेआडून सांगून टाकलं होतं.

आठ केळी घेऊन तो पुढे निघायचा. डाळमिलच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली गाडी लावायची, भागाबाईच्या पातळ पिशवीतली केळी काढायची आणि खताच्या गोणीपासून शिवलेल्या घरच्या पिशवीत भरायची. डिकीत केळीचं एक वाळलेलं पान घडी करून ठेवलेलं होतं. ते आधी पिशवीच्या तळाशी अंथरायचं, म्हणजे माल थेट बागेतून आल्यासारखा दिसतो. आठ महिन्यांत त्या पानाचा पार चुरा होत आला होता, पण दुसरं आणायला बाग कुठे होती? उरलेल्या पानालाच तो जपत होता.

एवढा खटाटोप कशाचा, तर दुपारच्या डब्याचा.

हितेंद्र मिलच्या वजनकाट्यावर कामाला होता. दोन वर्षांपूर्वी मिलसमोरच्या मेसवाल्याने थाळी शंभराची केली, तेव्हा बिलं करणाऱ्या नूतनताईंनी डोकं चालवलं. नूतनताई विधवा, मुलगी इंजिनीअरिंगला, रुपया कसा ताणायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "चार घरांत चार बायका पहाटे उठून भाजी, पोळी, चटणी, सगळंच करतात. गॅस चार ठिकाणी जळतो, आणि निम्मं उरलेलं संध्याकाळी गाईला जातं. त्यापेक्षा एकेकाने एकच वस्तू आणा, पण चौघांपुरती."

तसं ठरलं. भाजी नूतनताईंची. पोळ्या नाहीतर भाकरी योगेंद्रच्या घरून. हा मिलचा इलेक्ट्रिशियन, भुसावळहून रेल्वेने जाऊन-येऊन करणारा, तोंडाचा पट्टा कायम सुरू. मोतीलालजी, मिलचे जुने मुनीम, ते खाखरे, भाजलेले पापड, कधी मुगवड्या असं कोरडं काहीतरी आणायचे. राहिला हितेंद्र. "तुम्ही केळी आणा," नूतनताई म्हणाल्या, "घरचीच तर आहेत." माणशी वीस-बावीस रुपयांत जेवण होऊ लागलं, आणि ते मेसच्या थाळीहून कितीतरी बरं होतं. कधी शेवभाजी, कधी मुगाची डाळ घातलेली मेथी, गुरुवारी हमखास पाटवडी. वजनकाट्यामागच्या खोलीत जुनं पोतं अंथरून चौघं बसायचे, आणि दीड ते दोन हा अर्धा तास हितेंद्रला सगळ्या दिवसात आवडायचा.

मोतीलालजी जैन. साठी उलटलेले, बोलणं मोजकं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, वांगं नाही. नूतनताई लसणाची फोडणी घालण्याआधी त्यांच्यापुरती भाजी वेगळी काढायच्या आणि ते हात जोडून ती घ्यायचे, तरी पहिला घास तोंडात घालताना जरा अडखळायचेच. सवयच तशी, त्यात कुणाचा अपमान नव्हता. फक्त केळ्यापाशी ते अडखळायचे नाहीत. केळ्याला आत कुणाचा हात लागलेला नसतो. एक खाखऱ्याबरोबर आणि एक शेवटी, अशी रोज दोन केळी ते मन लावून खायचे, आणि हितेंद्रला आपण या म्हाताऱ्याला जेवू घालतोय असं वाटून छाती फुगायची.

छाती फुगण्यापर्यंत ठीक होतं. पण एकदा हितेंद्रच्या घरी लग्न होतं म्हणून तो दोन दिवस आला नाही, तेव्हा योगेंद्रने गाडीवरून अर्धा डझन केळी आणली होती. तिसऱ्या दिवशी त्यातलं उरलेलं एक हितेंद्रने उचललं, नाकाशी नेलं आणि पोत्यावर टाकलं.

"हे केळं म्हणायचं? गॅसने पिकवलेलं! आमच्याकडे हे ढोरांपुढेसुद्धा टाकत नाहीत. जोवर मी आहे तोवर या पोत्यावर गाडीवरचं केळं येणार नाही."

योगेंद्रचं तोंड एवढंसं झालं. नूतनताई हसल्या. मोतीलालजींनी ते टाकलेलं केळं उचलून बाजूला ठेवलं. बोलून बसला हितेंद्र, आणि आपण काय बोलून बसलोय हे त्याला वर्षभराने कळायचं होतं.

गेल्या मे महिन्यात बाग मोडली. त्यात कुणाचा दोष नव्हता. हितेंद्रचे वडील शालिग्रामआबा सत्तरीला आलेले, दोन्ही गुडघे गेलेले. केळी म्हणजे बारा महिन्यांचं लेकरू. तिला रोज कुणीतरी समोर लागतं. हितेंद्र नोकरीवर, मजूर मिळेना. शेवटी शेजारचा तोताराम, भाऊबंदांतलाच, म्हणाला की वावर मला निम्म्याने द्या, मी कपाशी लावतो. आबांनी मान हलवली. ट्रॅक्टर आला त्या दिवशी हितेंद्रने रजा टाकली नाही, मुद्दाम कामावर गेला. संध्याकाळी परतताना वावराच्या रस्त्यावरून आला, तर एरवी जिथे हिरवी भिंत असायची तिथून थेट पलीकडचा डांबरी रस्ता दिसत होता. त्याने गाडी थांबवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो वावराकडच्या रस्त्याने जायचाच बंद झाला. हायवेकडून वळसा घातला की चार किलोमीटर जास्त पडायचे, पण ते उघडं रान डोळ्यांसमोर यायचं नाही. घरात वावराचा विषय निघाला की तो उठून ओट्यावर जाऊन बसायचा.

घरात पिकायला ठेवलेल्या शेवटच्या घडावर दहा-बारा दिवस निघाले. मग एक सकाळ अशी आली की पिशवी रिकामी होती. त्या सकाळी खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. 'बाग मोडली हो, उद्यापासून मी ठेचा आणतो,' एवढं एक वाक्य. पण योगेंद्रला टाकून बोललेले शब्द आडवे आले. हितेंद्रने हेल्मेटची काच खाली ओढली आणि भागाबाईच्या गाडीपाशी ब्रेक दाबला.

बायकोपासून लपतं थोडंच! मोहिनीने चार महिन्यांतच धरलं.

"तुमच्या एकाही शर्टावर चिकाचा डाग नाही," धुणं वाळत घालता घालता ती म्हणाली. "केळीला हात लावणाऱ्याच्या कपड्यावर काळे डाग पडतात, ते वीस वर्षं घासतेय मी. ही केळी आणता कुठून?"

हितेंद्रने सांगितलं. खाली बघत सांगितलं.

मोहिनी हसली नाही, हे तिचं मोठेपण. "अहो, रोजच्या केळ्यांच्या पैशात मी चौघांपुरत्या कळण्याच्या भाकरी देते. ज्वारी घरची, उडीद घरचा. वर शेंगदाण्याचा ठेचा. काही कमीपणा आहे का त्यात? लोक हॉटेलात जाऊन खातात."

"केळीवाल्याने ठेचा न्यायचा?"

"आता कुठे राहिलो आपण केळीवाले?" असं तिच्या ओठांवर आलं असणार, पण ती वेगळंच म्हणाली. "एकदा वावरात जाऊन या."

"काय बघू तिथे? काड्या?" तो खेकसला.

"एकदा जाऊन या, एवढंच म्हणते," मोहिनी म्हणाली आणि बादली घेऊन आत गेली. नंतरही दोन-तीनदा ती हेच म्हणाली. दरवेळी त्याने तिला तोडून टाकलं.

आणि मग जानेवारीत योगेंद्रला भरीत आठवलं.

खानदेशात थंडीत वावरात भरीत पार्टी झाली नाही तर माणसाला वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. "महिना संपत आला," योगेंद्र पोळी मोडता मोडता म्हणाला. "वांगी स्वस्त झालीत. या रविवारी हितेंद्रभाऊंच्या बागेत! पानं तिथलीच, केळी तिथलीच. आम्ही नुसते हात हलवत येतो."

हितेंद्रने पाण्याचा तांब्या ओढला. त्याच्या आधी मोतीलालजीच बोलले. "एवढ्या लांब कशाला? इथे मिलच्या मागे करू. मला तर वांगं चालतही नाही."

"लांब कुठे, पाच-सहा किलोमीटर," नूतनताई म्हणाल्या. "माझी मुलगी सुट्टीला आलीय, तिलाही आणते. दोन वर्षं झाली, त्या बागेतली केळी खातेय मी, बाग एकदा डोळ्यांनी बघू द्या की."

"थंडी फार असते बागेत. जागा ओली असते," मोतीलालजींनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. म्हातारा आपल्या बाजूने का बोलतोय ते हितेंद्रला कळेना. तो धागा पकडून सुटायचं सोडून तो काय म्हणाला? म्हणाला, "या ना! रविवारी दहा वाजता. बाग काय, आपलीच आहे."

स्वभावाला औषध नसतं म्हणतात, ते हितेंद्रसारख्यांमुळेच.

शनिवारी तो तोतारामला भेटला. हितेंद्रच्या वावराला लागून, बांधापलीकडे, तोतारामची स्वतःची केळी उभी होती. भरघोस, घडांनी वाकलेली.

"उद्या चार तास तुझी बाग मले दे," हितेंद्र म्हणाला. "पाव्हने येऊन ऱ्हायले. तू तिकडं फिरकू नको."

तोतारामने त्याच्याकडे नीट पाहिलं. सगळं न सांगता त्याला उमगलं. "बस ना भाऊ, बाग काय कुठे पळून जाते? पन आबाले काय सांगशीन?"

"आबा येत नाही. त्याचे गुडघे कुठी चालतात एवढे!"

रविवारी पाहुणे आले. हितेंद्रने सगळ्यांना पलीकडच्या डांबरी रस्त्याने आणून थेट तोतारामच्या बागेत उतरवलं. आपल्या वावराकडे त्याने पाठ केली होती. नूतनताईंची मुलगी घडांचे फोटो काढत सुटली. "केवढी जपलीत हो बाग!" नूतनताई म्हणाल्या, आणि ते कौतुक हितेंद्रने घेतलं. तोतारामने रात्रंदिवस राबून वाढवलेल्या बागेचं कौतुक मान हलवून घेतलं, आणि घेताना त्याचं त्यालाच किळसवाणं वाटलं. मोतीलालजी एका झाडाच्या सावलीत हात मागे बांधून उभे होते. ते ना बागेकडे बघत होते ना हितेंद्रकडे.

वांगी भाजायला काड्या हव्यात. भरताचं वांगं भाजावं तर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. त्या भराभर पेटतात आणि वांग्याला धुराचा वास लावतात. केळीच्या बागेत सगळा ओला पाचोळा. योगेंद्र इकडे-तिकडे बघून म्हणाला, "भाऊ, काड्या कुठून आणायच्या?"

"मी बघतो," असं हितेंद्र म्हणतोय तोच बांधाच्या पलीकडून हाक आली.

"ओ पाव्हने! तिकडं काबरं बसून ऱ्हायले?"

शालिग्रामआबा. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. घरापासून एवढं अंतर तो माणूस त्या गुडघ्यांनी चालत आला होता; मागे पिठाचा डबा घेतलेली मोहिनी. वावरात पाहुणे येणार हे तिने सांगितल्यावर आबांना थोपवणं कुणाच्या हातात नव्हतं. आपल्या वावरात माणसं जेवायला येणार आणि आपण घरात बसणार, हे त्यांच्या बुद्धीत बसणारं नव्हतं.

"ते तं तोतारामाचं वावर हाये," आबा मोकळ्या आवाजात म्हणाले. "आपलं ह्ये. इकडं या बठ्ठे. काड्या बी इकडंच हायेत."

योगेंद्रने आबांच्या पायांपाशी पसरलेल्या वाळक्या कपाशीकडे पाहिलं, मग आपण उभे होतो त्या बागेकडे, मग हितेंद्रकडे. नूतनताईंनी मुलीच्या हातातला मोबाईल हळूच खाली केला.

हितेंद्रला वाटलं, जमीन दुभंगावी. एखादी थाप शोधावी एवढंही बळ त्याच्यात राहिलं नव्हतं. "बाग मोडली आमची," तो म्हणाला. "मे महिन्यातच मोडली. मी... तेव्हापासून गाडीवरून आणत होतो."

पहिले मोतीलालजी हलले. त्यांनी चपला हातात घेतल्या, धोतर सावरत बांध ओलांडला आणि आबांच्या शेजारी जाऊन ढेकळातच बसले. "राम राम, आबा," ते म्हणाले. मग नूतनताई गेल्या, मुलगी गेली. योगेंद्र जाता जाता हितेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला भाऊ, वांगी भाजू. भूक लागलीय." त्याने वर्षापूर्वीचं काहीही काढलं नाही, आणि त्यामुळे हितेंद्रला अधिकच शरमल्यासारखं झालं.

काड्या पेटल्या. वांगी फुटून चुरचुरायला लागली. मोहिनीने तीन दगडांवर तवा मांडून कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं लाकडी भांड्यात ठेचून भरीत झालं. तोताराम लांबून अंदाज घेत होता. आबांनी त्यालाही हाक मारून बसवलं आणि त्याच्याच बागेतली पानं कापून आणायला लावली.

"आन् तुमी?" आबांनी मोतीलालजींना विचारलं. "तुमाले तं ह्ये चालत नसंन."

"माझे खाखरे आहेत, आबा. आणि मिरचीबरोबर कोरडी भाकरी खाईन सुनेच्या हातची."

"कोरडी काबरं?" आबांनी गाठोड्याची गाठ सोडली.

आत केळी होती. एक अख्खी फणी, आखूड, जाड बोटांची. कुठे पिवळी, कुठे अजून किंचित हिरवट, सालीवर तपकिरी ठिपके पडलेले. वास असा आला की हितेंद्रचा हात भाकरीवरच थांबला. हा वास त्याला डोळे मिटूनही ओळखता आला असता. गवतात दडपून घरात पिकवलेल्या केळीचा वास होता तो.

मोतीलालजींनी एक बोट धरलं तर ते न ओढताच फणीपासून सुटलं. त्यांनी साल सोलली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"आठ महिन्यांनी," ते म्हणाले.

हितेंद्रने चमकून वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तरुणपणी बारा वर्षं मामांच्या केळीच्या पेढीवर बसलोय मी. केळं हातात घेतलं की कळतं." त्यांनी दुसरा घास घेतला. "पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

मोतीलालजींनी हातातलं केळं संपवलं. "आमचं सराफकट्ट्याला कापडाचं दुकान होतं, वडिलांचं. ते गेलं. मालकी बदलली, पाटी बदलली. तरी सहा महिने मी घरून दहा वाजता निघायचो आणि नगरपालिकेच्या बागेत जाऊन बसायचो, बायकोला दुकानात जातो सांगून. तिला माहीत होतं. तिनेही विचारलं नाही." त्यांनी साल नीट घडी करून पानाच्या कडेला ठेवली. "तू पिशवीत ते वाळलेलं पान अंथरून आणायचास ना, ते बघून मला बोलवेना."

नूतनताईंनी पदराने डोळे टिपले आणि धूर फार झालाय म्हणाल्या. हितेंद्रच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने धुराचं कारण सांगितलं नाही.

"पण आबा, ही केळी?" त्याने विचारलं. "आणली कुठून?"

आबांनी काठी उचलून वावराच्या टोकाकडे दाखवली. तिथे विहीर होती आणि मोटरची खोली. खोलीच्या आडोशाने केळीची रुंद पानं हलत होती. सकाळपासून हितेंद्रने तिकडे मान वळवली नव्हती. सकाळपासून कसली, आठ महिन्यांपासून.

"चाल, दाखोतो," आबा म्हणाले.

बाप पुढे, लेक मागे. आबा दर दहा पावलांनी थांबत होते. खोलीमागे पाच झाडं उभी होती. एकाचा घड कापलेला, दोघांना घड लागलेले आणि टेकू दिलेले, दोन नुकती निसवलेली, केळफूल बाहेर पडलेली. पाचांच्या बुडाशी मातीची आळी नीट सारखी केलेली. शेजारी एक पत्र्याची बादली पालथी पडली होती, तिचा दांडा दोरीने गुंडाळलेला.

"टॅक्टर आला तव्हा मी त्याले म्हनलं, ह्ये पाच पिलं ऱ्हाऊ दे," आबा सांगू लागले. "तू चौघाच्या डब्यात केये नेत व्हता ना. चार मानसं तुह्या भरोश्यावर जेवनार. बाग मोडली तं डब्याचं कसं व्हईन, म्हनून ठेवली. पह्यला घड आता आला. तव्हरोक काय करशीन, याचंच मले वाईट वाटे."

हितेंद्रने त्या बादलीकडे पाहिलं. ठिबकच्या नळ्या तर बागेबरोबरच काढून टाकल्या होत्या. म्हणजे हा माणूस रोज घरून इथवर चालत येऊन, विहिरीच्या हौदातून बादलीने पाणी काढून या पाच झाडांना घालत होता. या गुडघ्यांनी. आणि त्याच वेळी आपण चार किलोमीटरचा वळसा घालून भागाबाईच्या गाडीपाशी हेल्मेट घालून उभे असायचो.

"सांगितलं काबरं नाही, आबा?"

"सांगनार व्हतो. तू वावराचं नाव काढलं का उठून जाये." आबांच्या बोलण्यात राग नव्हता. "मोहिनीले म्हनलं, त्याले एकदा धाडून दे वावरात, आपोआप दिसंन. तू आलाच नाही."

हितेंद्र तिथेच आळ्याच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. आबा काठी टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ऊठ. पाव्हने उपाशी हायेत. आन् ह्यायले आज पानी नाही घातलं मी."

हितेंद्रने बादली उचलली.

सोमवारी सकाळी तो वावराच्या रस्त्याने निघाला. अर्धा तास लवकर. पाच आळी भरली, विहिरीवर हातपाय धुतले, आणि डिकीत ठेवलेला तो पानाचा चुरा झाडांच्या बुडाशी टाकला. पिशवीत मोहिनीने दिलेल्या चौघांपुरत्या कळण्याच्या भाकरी होत्या, ठेच्याची डबी होती, आणि दोन केळी. पाच झाडांवर रोजची आठ निघणार नव्हती हे आता सगळ्यांना माहीत होतं. ती दोन मोतीलालजींची.

कोपऱ्यावर त्याने गाडी थांबवली. भागाबाईने सवयीने आठ केळी मोडून पुढे केली.

"आज नको, मावशी," तो म्हणाला. हेल्मेट त्याने आज आरशाला अडकवलं होतं.

भागाबाईने पहिल्यांदाच त्याचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला. "तुमी भुसावळनाच ना?"

"नाही," हितेंद्र म्हणाला. "मी असोद्याचा."